फुटलेलं मत कुणाचं?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या वर्गात मी सातवीला होतो. आजचा विषय संयोजकांनी मला विचारून ठरवला हे खरं. पण गुरुजींनी तो तेव्हाच देऊन ठेवला होता.

त्या वर्षी वर्गप्रमुख मतदानानं निवडायचा असं गुरुजींनी ठरवलं. वह्यांची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, खडूचं रिकामं खोकं मतपेटी झालं. वर्गात आम्ही एक्केचाळीस जण. उमेदवार तीन. त्यातले दोघं एकाच वाडीचे: एक मी, दुसरा माझा चुलतभाऊ. तिसरा गावठाणातला. निकाल फळ्यावर लिहिला गेला. गावठाण १५, चुलतभाऊ १४, मी १२. वाडीची मतं सव्वीस, आणि वर्गप्रमुख झाला गावठाणाचा! चुलतभाऊ सगळ्या वर्गासमोर रडकुंडीला येऊन म्हणाला, "गुरुजी, ह्यानं माझी मतं खाल्ली."

गुरुजी म्हणाले, "मत काय भाकरी आहे खायला? ज्यानं दिलं त्याचं होतं ते." मग आम्हा दोघांकडे बघून म्हणाले, "काल संध्याकाळी विहिरीवर दोघं एकत्रच पोहत होता ना? तिथं नाही ठरवता आलं?"

पुढं मी पस्तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. मतविभाजनावर पुष्कळ वाचलं. पण या दोन वाक्यांच्या फार पुढं गेलो असं वाटत नाही. पहिलं वाक्य मतदाराच्या हक्काचं आहे आणि दुसरं पक्षांच्या कर्तव्याचं. आपण पहिलं विसरतो आणि दुसरं टाळतो, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात दौंडच्या एका आकड्यानं करू. तो इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे: ७४६. २०१९ च्या विधानसभेला भाजपचे राहुल कुल यांना १,०३,६६४ मतं पडली आणि राष्ट्रवादीचे रमेश थोरात यांना १,०२,९१८. एका मतदान केंद्रावर साधारण हजार-बाराशे नावं असतात. म्हणजे ७४६ हे धड एका केंद्राचंही मतदान नाही. त्यातल्या ३७४ जणांनी शेजारचं बटण दाबलं असतं, तर तालुक्याचा आमदार बदलला असता. निकालानंतर कितीतरी दिवस पारावर, चहाच्या टपरीवर, गुऱ्हाळावर एकच हिशेब चालला होता: मतं खाल्ली कुणी? यादीतला प्रत्येक छोटा उमेदवार आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. ज्या दोघांनी मिळून दोन लाखांवर मतं घेतली, त्यांना कुणी काही विचारलं नाही. जाब विचारला तो ज्यांना चार-दोनशे मतं पडली त्यांना!

"मतं खाल्ली" या शब्दप्रयोगातच गोम आहे. मोजणीच्या आधीच ते मत कुणाच्या तरी मालकीचं धरलेलं असतं. दुसऱ्यानं ते नेलं म्हणजे चोरी केली.

याच्या मुळाशी जायचं तर जरा लांबचा फेरा मारावा लागेल. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मुख्य निवडणुकीच्या आधी एक निवडणूक होते. तिला प्रायमरी म्हणतात. आपल्याकडे प्रायमरी म्हटलं की झेडपीची शाळा डोळ्यांसमोर येते. तेही वाईट नाही. लोकशाहीची पहिली इयत्ता ती हीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट नावाच्या नेत्यानं आग्रह धरला की, उमेदवार पक्षाच्या पुढाऱ्यांनी बंद खोलीत ठरवायचा नाही, मतदारांनी ठरवायचा. १९०६ पासून तिथं तसं सुरू झालं. त्यातला खुला प्रकार असा: मतदारानं आपला पक्ष नोंदवायची गरज नाही. त्या दिवशी यावं, ज्या पक्षाचा उमेदवार निवडायचा त्या पक्षाची मतपत्रिका भरावी आणि घरी जावं.

आपल्याकडेही उमेदवार ठरवण्याचं मतदान होतं. फक्त त्याला मतदार एक किंवा फार तर दोन असतात आणि त्याची मतपत्रिका म्हणजे एबी फॉर्म. पक्षानं अधिकार दिलेल्या माणसाच्या शाईच्या सहीचा तो कागद शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ज्याच्या हातून निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचेल, तो पक्षाचा उमेदवार. राजकीय पक्षानं उमेदवार कसा निवडावा, याबद्दल आपला लोकप्रतिनिधित्व कायदा एक अक्षर बोलत नाही. बाकी सगळं मोजून ठेवलंय: अनामत किती, खर्च किती, प्रचार कधी थांबवायचा. उमेदवारी मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

मग ज्याला फॉर्म मिळत नाही तो काय करतो? अर्ज भरून ठेवतो. फोन 'नॉट रिचेबल' होतो. पुढचे पाच-सहा दिवस बंगल्यावर बैठका, साहेबांचे निरोप, महामंडळाचं गाजर, "पुढच्या वेळी परिषदेवर घेऊ"चा शब्द. माघारीच्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात जी गर्दी असते, ती मी वर्षानुवर्षं बघत आलोय. वडाखाली दोन गट उभे असतात. एकाच्या हातात हार, दुसऱ्याच्या हातात फोन. भिंतीवरचं घड्याळ तीनकडं सरकतं आणि आतून कुणीतरी बाहेर येऊन नुसती मान हलवतं. त्या मान हलवण्यावर तालुक्याची पाच वर्षं ठरतात. गुरुजींचं विहिरीवरचं वाक्य मला हटकून तिथंच आठवतं. जे आधी बसून ठरवायचं, ते आपण तीनच्या ठोक्याला ठरवतो. तिथंही ठरलं नाही, तर मतदारावर सोडतो.

दौंडमध्ये २००९ साली नेमकं तेच झालं. राष्ट्रवादीची उमेदवारी राहुल कुल यांना मिळाली. रमेश थोरात अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. आता याला आपण बंडखोरी म्हणतो. पण नीट बघा. एकाच पक्षाच्या विचाराचे दोन तगडे उमेदवार, आणि निवडणारे कोण? तर सगळे. भाजपचा मतदार, काँग्रेसचा मतदार, कुठल्याच पक्षाचा नसलेला मतदार. दौंडला त्या वर्षी झाली ती खुली प्रायमरीच होती. ती मुख्य निवडणुकीतच उरकली गेली, इतकाच फरक.

त्यानंतरचा इतिहास तर आणखी बोलका आहे. २०१४ ला थोरात राष्ट्रवादीचे अधिकृत उमेदवार झाले, तर कुल महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाकडून लढले, जिंकले आणि विधानसभेत त्या पक्षाचे एकमेव आमदार झाले. २०१९ ला कुल कमळावर, थोरात घड्याळावर. २०२४ ला कुल कमळावरच, थोरात तुतारी वाजवणाऱ्या माणसावर. कुल पुन्हा जिंकले. चार निवडणुका, उमेदवार तेच दोन. बदलली ती चिन्हं. बाहेरून बघणारा म्हणेल, इथं पक्षांची लढाई आहे. आपल्याला ठाऊक आहे की इथं दोन गटांची लढाई आहे आणि पक्ष हे त्यांनी त्या-त्या हंगामाला भाड्यानं आणलेलं अवजार आहे. अशा ठिकाणी मत फुटत नाही. ते चिरलं जातं, अगदी मधोमध. तिसऱ्याला जागाच उरत नाही. मतविभाजन नको म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की दोनच नावं उरणं हेही काही निरोगी लक्षण नव्हे.

आता भीमा नदी ओलांडून शिरूर तालुक्यात जाऊ. शिरूरचं मत फुटण्याआधी तालुकाच फुटलेला आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर तालुक्याचा मोठा भाग हवेलीच्या काही गावांसह शिरूर मतदारसंघात राहिला आणि तालुक्यातली चाळीसेक गावं आंबेगावला जोडली गेली. पाबळ, कवठे येमाई, टाकळी हाजीकडच्या माणसाचा तहसीलदार शिरूरचा आणि आमदार आंबेगावचा. लोकसभेला तर दौंड बारामतीत आणि शिरूर शिरूरमध्ये. नदी एकच, पण दोन्ही काठांवरचे आपण एकमेकांच्या निवडणुकीत नुसते प्रेक्षक.

त्या आंबेगाव मतदारसंघात २०२४ च्या विधानसभेला जे घडलं, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी जिंकले. समोर शरद पवारांच्या पक्षाचे देवदत्त निकम होते, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यंत्रावर, याच नावाचे आणि याच आडनावाचे एक अपक्ष उमेदवार होते. त्यांचं चिन्ह होतं ट्रम्पेट. त्यांना २,९६५ मतं पडली.

नाव सारखं असणं हा काही गुन्हा नाही. निवडणूक लढवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, मग त्याचं नाव काहीही असो. यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो, २०१५ पासून आयोगानं ती सोय केलीय. पण शिरूरच्या त्या चाळीस गावांतली एखादी सत्तरीची आजी डोळ्यांसमोर आणा. सकाळी नातवानं सांगितलंय, "आजी, निकम, आणि वाद्याचं चित्र." ती आत जाते. बाहेर रांग, आत मिणमिणता उजेड, चष्मा घरी राहिलेला. आडनाव दिसलं, वाद्य दिसलं, बटण दाबलं, शिट्टी वाजली. सगळं नीट केलं या समाधानात ती बाहेर येते. हे मत फुटलेलं नाही, फसलेलं आहे. फुटलेल्या मताला मतदाराची इच्छा असते. फसलेल्याला ती नसते. आपण दोन्हींना मतविभाजन म्हणून एकाच पोत्यात भरतो, तिथंच घोटाळा होतो.

हे एकट्या आंबेगावचं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात लोकसभेला तुतारी आणि तुतारी वाजवणारा माणूस अशी दोन चिन्हं समोरासमोर आली. आपल्या शिरूर लोकसभेत तुतारी घेतलेल्या अपक्षाला २८,३३० मतं मिळाली. डॉ. अमोल कोल्हे १,४०,९५१ मतांनी जिंकले, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. साताऱ्यात मात्र शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि तिथल्या तुतारीला ३७,०६२ मतं होती. विधानसभेआधी चिन्ह गोठवण्याची मागणी झाली. चिन्ह राहिलं, मराठीत त्याचं नाव तेवढं ट्रम्पेट झालं. त्याच्या दहा वर्षं आधी रायगडात सुनील तटकरे अनंत गीतेंकडून २,११० मतांनी हरले होते, आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं मिळाली होती. हे सगळ्या पक्षांना ठाऊक आहे आणि सोयीचं असेल तेव्हा सगळ्यांनाच ते चालतं.

तिसराही एक प्रकार आहे आणि त्याच्यावर सगळ्यांत जास्त अन्याय होतो. २०१९ ला नांदेडमध्ये अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी हरले. तिथं वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १,६६,१९६ मतं मिळाली. त्याआधी २००९ च्या लोकसभेला मुंबईत मनसेमुळं शिवसेना-भाजपचं गणित चुकलं आणि सहाच्या सहा जागा काँग्रेस आघाडीकडं गेल्या. दोन्ही वेळी 'मत खाणारे' म्हणून यांची संभावना झाली. पण नांदेडच्या त्या दीड लाखाहून अधिक माणसांना विचारा. ते चव्हाणांना पाडायला घराबाहेर पडले नव्हते. कुणीतरी आपल्या वस्तीचं नाव घेतलं, म्हणून पडले होते. त्यांचं मत कुणाच्या वाटणीतून निघालेलं नव्हतं. ते वेगळं मत होतं. त्याला विभाजन म्हणणं म्हणजे नांगर न फिरवलेल्या शेतावर मालकी सांगण्यासारखं आहे.

तर फुटलेलं, फसलेलं आणि वेगळं, ही मताची तीन रूपं. फसलेल्या मतावर आयोगानं उपाय करावा: चिन्हांची यादी गाळावी, सारख्या नावांच्या उमेदवारांच्या चिन्हांत जमीन-अस्मानाचं अंतर ठेवावं. वेगळ्या मतावर उपाय शोधूच नये, त्याचा मान राखावा. राहतं ते फुटलेलं. आणि तिथं पुन्हा विहिरीवरचं वाक्य येतं: आधी का नाही ठरवलं?

तुम्ही म्हणाल, मग करा की प्रायमरी सुरू! इतकं सोपं असतं तर अमेरिकेत रामराज्य आलं असतं. तिथले अनुभव दोन-तीन सांगतो, कारण ते ऐकताना तुम्हाला आपल्याच कारखान्याची निवडणूक आठवेल.

पहिला अनुभव घुसखोरीचा. दार सगळ्यांना उघडं ठेवलं की समोरचाही आत येतो. २००८ साली रश लिम्बॉ नावाच्या रेडिओवरच्या एका रिपब्लिकन वक्त्यानं आपल्या श्रोत्यांना उघड सांगितलं, की डेमोक्रॅट पक्षाच्या प्रायमरीत जाऊन हिलरी क्लिंटनना मत द्या, म्हणजे त्यांचं भांडण लांबेल. समोरच्या पॅनेलमधला आपल्याला सोयीचा गडी वर आणायचा, ही युक्ती सोसायटीच्या निवडणुकीत मिशा काळ्या केलेल्यांना नवी नाही.

दुसरा अनुभव कॅलिफोर्नियाचा. तिथल्या मतदारांनी २०१० मध्ये असा नियम मंजूर केला, की प्रायमरी सगळ्या पक्षांची एकत्र होईल आणि पहिले दोन, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, अंतिम फेरीत जातील. २०१२ ला तिथल्या एकतिसाव्या मतदारसंघात चार डेमोक्रॅट उभे राहिले आणि दोनच रिपब्लिकन. चौघांत मतं वाटली गेली आणि अंतिम फेरीत दोन्ही रिपब्लिकन पोचले. त्याच मतदारसंघानं त्याच नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी मात्र डेमोक्रॅट ओबामांना मताधिक्य दिलं. तिसरा राहून बाहेर पडलेले पीट अॅग्विलार दोन वर्षांनी तिथूनच निवडून आले. म्हणजे मतविभाजन बरं करायला जे औषध आणलं, त्यातूनही मतविभाजनच झालं. २०१८ पर्यंत तिथलाही पक्ष शहाणा झाला: गर्दीच्या मतदारसंघांत उमेदवारांच्या मागं लागून, "तू थांब बाबा" म्हणून माघारीसाठी मनधरणी करू लागला. वड नसेल तिथं, पण वडाखालची गर्दी आलीच.

तिसरा अनुभव आपल्याच महाराष्ट्राचा. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या आग्रहानं काँग्रेसनं देशात मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. त्यात आपले लातूर आणि वर्धा होते. पण मतदार कोण? तर पक्षाचे पदाधिकारी. गावातला साधा काँग्रेसवाला बाहेरच. वर्ध्यात सागर मेघे आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे त्यातून उमेदवार झाले, आणि मुख्य निवडणुकीत दोघंही हरले. ती मोदी लाट होती, तिच्यात राज्यात काँग्रेसचे दोनच खासदार तरले. तेव्हा पराभवाचं खापर प्रायमरीवर फोडायला नको. पण प्रयोग तिथंच गुंडाळला गेला. एका पिकावरून जमीन नापीक ठरवली.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्या उमेदवाराला मुख्य निवडणुकीत पुन्हा उभं राहता येत नाही. आपल्याकडं हे लगेच आवडेल: बंडखोरीला कायमचा चाप! पण थांबा. २००९ ला हा नियम असता, तर ज्याला दौंडच्या जनतेनं निवडलं, त्याचं नाव यंत्रावर आलंच नसतं. हरलेल्याला थांबवायचा अधिकार, त्याला खरोखर हरवलेल्यालाच असतो. एबी फॉर्म देणाऱ्यानं त्याला हरवलेलं नसतं. वगळलेलं असतं. आधी खरी निवड करा, मग बंडखोराला नावं ठेवा.

या सगळ्यात मतदार काय करतो? पुढारी समजतात तसा तो काही एका गोठ्यातला नाही. मे २०२४ मध्ये बारामती लोकसभेला सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार अशी लढत झाली. दौंडचे कुल भाजपमध्ये, थोरात तेव्हा अजित पवारांबरोबर. म्हणजे पंधरा वर्षं एकमेकांविरुद्ध लढलेले दोन्ही गट एका बाजूला आले. आता दौंडचं मत एकगठ्ठा, असा सगळ्यांचा हिशेब. दौंडनं सुप्रिया सुळेंना सुमारे २६ हजारांची आघाडी दिली! आणि नोव्हेंबरात त्याच दौंडनं विधानसभेला कमळ निवडलं. शिरूरला तर आणखी गंमत. मेमध्ये अमोल कोल्हेंना मताधिक्य देणाऱ्या मतदारसंघानं नोव्हेंबरात त्यांच्याच पक्षाच्या अशोक पवारांना बाजूला सारून घड्याळाच्या ज्ञानेश्वर कटके यांना ७४ हजारांहून जास्त मतांनी निवडलं. "लोकसभेला ताई, विधानसभेला दादा" ही घोषणा बारामतीकडं ऐकू आली, तिला हसायचं कारण नाही. आपलं मत कुठं कुणाला द्यायचं, हे माणसं विचार करून ठरवतात. थेट सरपंच निवडायची पद्धत आल्यापासून गावागावांत हेच दिसतं: सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचं. पुढाऱ्याला ती फूट दिसते. मतदाराला तो तोल वाटतो.

मग मतदाराच्या हातात आणखी धारदार हत्यार द्यायचं का? ते तर आपल्याकडं आधीच आहे, आणि इथं बसलेल्यांपैकी पुष्कळांनी ते हाताळलंही आहे. विधान परिषदेची पुणे पदवीधर निवडणूक. तिथं बटण नसतं. एक कागद असतो आणि जांभळ्या शाईचा पेन. उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. आकडा मराठी चालतो, इंग्रजी चालतो, रोमन चालतो. 'एक' असं अक्षरी लिहिलं तर मत बाद. युक्ती साधी आहे. तुमचा पहिला उमेदवार मागं पडून बाहेर गेला, तर तुमचं मत वाया जात नाही. ते दुसऱ्या पसंतीकडं जातं. आमच्या सातवीच्या वर्गात ही सोय असती, तर मी बाद झाल्यावर माझी बारा मतं चुलतभावाकडं गेली असती आणि वर्गप्रमुख वाडीचा झाला असता.

पण २०१४ साली याच पुणे पदवीधरमध्ये काय झालं? राष्ट्रवादीनं सारंग पाटलांना उमेदवारी दिली आणि अरुण लाड बंड करून उभे राहिले. भाजपचे चंद्रकांत पाटील अडीच हजारांच्या आतल्या फरकानं निवडून आले. सहा वर्षांनी, २०२० ला, पक्षानं लाडांनाच उमेदवारी दिली आणि ते पहिल्या पसंतीच्या मतांतच निवडून आले. पसंतीक्रमाचं शस्त्र असूनही २०१४ ला मत फुटलं. कारण प्रत्येक उमेदवाराचे कार्यकर्ते केंद्राबाहेर एकच मंत्र देत असतात: "फक्त आपल्या नावासमोर १ लिहा, बाकी काही लिहू नका." आणि पदवीधर म्हणवणारे आपण तो मंत्र मुकाट्यानं पाळतो. कायदा म्हणतो, पहिली पसंती लिहिणं आवश्यक, बाकीच्या ऐच्छिक. पक्षांनी ऐच्छिकचा अर्थ 'नको' असा करून टाकला. पद्धत कितीही चांगली आणा. ती वापरायची हिंमत मतदारात नसेल, तर ती कागदावरच राहते.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. मतविभाजन हा मतदाराचा दोष नाही. पक्षांनी न केलेल्या निवडीचं ते बिल आहे आणि ते बिल दर पाच वर्षांनी मतदारापुढं ठेवलं जातं. उद्या दौंडमध्ये किंवा शिरूरमध्ये अमेरिकेसारखी खुली प्रायमरी आणावी, असं मी म्हणत नाही. आणली तर पहिल्याच दिवशी समोरच्या गटाच्या जीपगाड्या भरून येतील. पण एखाद्या पक्षानं आपल्या नोंदलेल्या सभासदांची यादी गावच्या चावडीवर लावावी, इच्छुकांना एका व्यासपीठावर बसवावं, सभासदांकडून पसंतीचे आकडे लिहून घ्यावेत आणि ते मोजून जाहीर करावेत, याला कुठल्या कायद्याची अडचण नाही. हरलेल्यानं तिथंच जिंकलेल्याला हार घालावा. जो पक्ष हे एकदा प्रामाणिकपणे करील, त्याला माघारीच्या दिवशी वडाखाली उभं राहावं लागणार नाही.

पक्ष करतील तेव्हा करतील. तुमच्या-माझ्या हातातलं काम आजचं आहे. तुमच्या कुणी शेजाऱ्यानं तिसऱ्याच माणसाला मत दिलं, तर "तू मत वाया घालवलंस" असं त्याला म्हणू नका. ते त्याचं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नुसतं आडनाव आणि चित्र सांगून पाठवू नका. फोटो दाखवा, यादीतला क्रमांक सांगा. आणि इथं जे पदवीधर आहेत, त्यांना एक आठवण. पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्यानं तयार होते. मागच्या वेळी तुमचं नाव होतं, म्हणून पुढच्या वेळी ते असेलच असं नाही. १८ नंबरचा फॉर्म भरा, पदवीची प्रत जोडा. आणि त्या दिवशी जांभळा पेन हातात आला की १ लिहून तो खाली ठेवू नका. २ सुद्धा लिहा.